विमानाचे नाक वर उचलताना

बारामती, धुळे, गोंदिया येथील धावपट्ट्यांवर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. अशा ठिकाणी हँगरच्या दारातून डोकावणाऱ्यास एखादे वेळी मोठे नवलाचे दृश्य दिसते. विमानाच्या शेपटीजवळ उभा असलेला कारागीर दोन्ही हातांनी तिच्यावर भार देतो, आणि पलीकडच्या टोकाला इंजिनासह विमानाचे नाक अलगद वर उठते. यंत्र नाही, दोर नाही, जॅकही नाही. हे काम दिसते तितके सोपे मात्र नाही. हात कोठे ठेवावयाचा, हे ठाऊक नसेल तर त्या एका क्षणात विमानाचे असे नुकसान होऊ शकते की जे त्या दिवशी कोणाच्या लक्षातही येणार नाही.

उदाहरणासाठी सेसना १७२ हे चार आसनी विमान घेऊ. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या विचिटा येथील कंपनीने ते १९५६ साली बाजारात आणले. आजवर ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली असून भारतातील अनेक प्रशिक्षण संस्थांत ते वापरले जाते. त्याला तीन चाके असतात. दोन मुख्य चाके पंखांखाली, तर एक लहान चाक नाकाखाली. पुढच्या चाकाचा टायर बदलणे, त्यावरील तेल व हवा भरलेल्या धक्काशोषक दांड्याचे, म्हणजे स्ट्रटचे, सील बदलणे, चाकाची थरथर थांबविणाऱ्या डॅम्परची दुरुस्ती करणे, अशा कामांसाठी नाक उचलावे लागते.

यामागील तत्त्व बैलगाडी हाकणाऱ्यास निराळे समजावून सांगावे लागणार नाही. गाडीत माल आसाच्या मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते आणि जू वर उठते. येथे मुख्य चाकांचा आस हा तरफेचा टेकू होय. विमानाचा गुरुत्वमध्य या आसाच्या थोडा पुढे असतो, म्हणून नाकाचे चाक जमिनीवर टेकलेले राहते. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ७५० किलो धरले, तर त्यातील दोनशे किलोंहून थोडा अधिक भार पुढच्या चाकावर येतो. पुढचे चाक मुख्य चाकांपासून सुमारे १.६५ मीटर अंतरावर आहे, तर शेपटीवरील दाबावयाची जागा साधारण साडेतीन मीटर मागे. भार आणि अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा व्हावयास हवा. म्हणून शेपटीवर शंभर किलोंच्या आसपास भार दिला तरी नाक उठते. शाळेत तरफ शिकविताना शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडून पाहावे.

यात आणखी एक गंमत आहे. नाक वर जाऊ लागले की आसाच्या वर असलेला गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि उरलेले काम पहिल्यापेक्षा हलके होते. नवख्या माणसाला याची कल्पना नसते. तो सगळा जोर लावून बसलेला असतो आणि शेपटी अपेक्षेपेक्षा वेगाने खाली जाते.

आता हात ठेवण्याची जागा. विमानाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरच्या आतला असतो; त्याला बळकटी येते ती आतील कड्यांमुळे, ज्यांना बल्कहेड म्हणतात. शेपटीच्या आडव्या पंखाच्या लगत पुढे असे एक कडे आहे. भार द्यावयाचा तो नेमका त्यावर. दोन कड्यांच्या मधल्या पत्र्यावर दाब पडला तर पत्रा दबतो. आडव्या पंखाचे बाहेरील टोक धरून दाबणे तर सर्वांत वाईट, कारण ते हाताला सोयीचे वाटते आणि कमी जोरात काम होते. पण त्या टोकावरचा दाब पंखाच्या मुळाशी असलेल्या तुळईला व रिव्हेटांना पिळतो. तेथे पडलेली बारीक चीर रंगाखाली लपून राहते, आणि उड्डाणात विमानाचा समतोल राखण्याचे काम याच पंखाकडे असते. त्याच्या मागील हलत्या भागावर, एलिव्हेटरवर, कधीच भार देऊ नये. नाक अधिक वेळ वर ठेवावयाचे असेल तर वाळूच्या पिशव्या आडव्या पंखावर ठेवता येतात. परंतु दोन्ही बाजूंना सारख्या आणि धडाला अगदी चिकटून. जमिनीत पक्की कडी असेल तर शेपटीखालील कडी तिला दोराने बांधणे अधिक बरे.

प्रारंभीची तयारी थोडक्यात सांगता येईल. विमान सपाट फरशीवर, वाऱ्यापासून आडोशाला असावे, मुख्य चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, आत कोणी बसलेले नसावे. इग्निशनची किल्ली काढून घ्यावी, आणि तरीही प्रॉपेलरला हात लावू नये. मॅग्नेटोची एक तार तुटलेली असली तर किल्ली बंद असूनही इंजिन पेट घेऊ शकते.

नाक उठले तरी चाक लगेच सुटत नाही. भार कमी होताच स्ट्रट लांब होत जातो व चाक जमिनीला चिकटूनच राहते, त्यामुळे वाटते त्यापेक्षा बरेच अधिक उचलावे लागते. शेपटीखालील कडी जमिनीला टेकली की चाक मोकळे झालेले असते. येथे बहुतेकांना काम संपल्यासारखे वाटते, आणि खरा धोका येथूनच सुरू होतो. नुसत्या शेपटीच्या भारावर तोललेल्या विमानाखाली कोणीही हात घालू नये. नाकाजवळील भार पेलणाऱ्या कड्याखाली भक्कम घोडी लावूनच पुढचे काम करावे. इंजिन उतरावयाचे असेल तर प्रश्न उलटा होतो. पुढचे वजन गेले की विमान आपोआप उलाळ होऊन शेपटीवर आपटते. म्हणून इंजिनाचा पहिला बोल्ट सैल करण्यापूर्वी शेपटीखाली आधार उभा करावा लागतो.

टायर बदलतानाची एक गोष्ट वेगळी सांगावयास हवी. या चाकाची रिम बोल्टांनी जोडलेल्या दोन अर्ध्या भागांची असते. टायरमधील हवा पूर्ण काढल्यावाचून ते बोल्ट सोडले तर दोन्ही भाग उसळून समोरच्या माणसाच्या अंगावर येतात. स्ट्रट उघडण्यापूर्वीही त्यातील दाब असाच काढून टाकावा लागतो.

खाली आणताना एक जण शेपटीवरील भार सांभाळतो, दुसरा घोडी काढतो, आणि दोघांपैकी एकच जण सूचना देतो. चाक टेकल्यावर स्ट्रट किती लांबीवर स्थिरावला ते पाहतात, शेपटीचा पत्रा व रिव्हेट हाताने चाचपतात, आणि परवानाधारक अभियंता केलेल्या कामाची नोंद विमानाच्या लॉगबुकात करून सही करतो.