चयापचयाचा नकाशा आणि रुग्णाचा वेळ

वेंगुर्ल्यातील आमचे कंपवाताचे एक वृद्ध रुग्ण गोव्यात एम.आर.आय. करून परतले आणि म्हणाले, "वैद्यांनू, त्या नळकांड्यात न हलता पडान रवणां काय माका जमणा नाय." कंपवाताच्या रुग्णास निश्चल पडून राहण्यास सांगावे लागते, हीच या तपासणीतील मोठी अडचण होय.

नेहमीचा एम.आर.आय. मुख्यत्वे पाण्यातील हायड्रोजनच्या संकेतावरून शरीररचना दाखवतो. त्याच यंत्रावरील वर्णपट-प्रतिमांकन एन-ॲसेटिल ॲस्पार्टेट, क्रिएटिन, कोलीन, लॅक्टेट ही चयापचयातील द्रव्ये मेंदूत कोठे व किती आहेत, हे सुईविना दाखवू शकते. आसवारिष्टे करणाऱ्या आमच्या औषधनिर्मात्या बंधूंना या विद्येचा आरंभ आवडावा. १९५१ साली स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी मद्यार्काच्या एकाच रेणूतील हायड्रोजनचे तीन निरनिराळे संकेत वेगळे करून दाखवले. यांपैकी एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे संशोधन उभे केले.

अडचण आहे ती संकेताच्या क्षीणतेची. ही द्रव्ये पाण्याच्या मानाने हजारो पटींनी विरळ असतात. नकाशातील घनाची बाजू निम्मी केली की त्याचे आकारमान अष्टमांश होते, आणि पूर्वीइतकीच स्पष्टता हवी असेल तर वेळ चौसष्टपट लागतो! शिवाय ६४ × ६४ घरांचा एकच थर जुन्या पद्धतीने, प्रत्येक मापनास दीड सेकंद धरून, टिपला तरी १०२ मिनिटे जातात.

पीटर मॅन्सफील्ड यांनी १९८४ मध्ये सुचवलेल्या दिशेने विकसित झालेल्या पद्धतींत, संकेत ऐकता ऐकताच चुंबकीय उतार वेगाने उलटसुलट करून एक संपूर्ण ओळ टिपली जाते. वरील उदाहरणात १०२ मिनिटांची ९६ सेकंदे होतात. मात्र संकेताची क्षीणता तशीच राहते. तेथे इलिनॉय विद्यापीठातील झी-पेई लिआंग व फॅन लॅम यांची, २०१२ नंतर पुढे आलेली, पद्धत उपयोगी पडते. मेंदूतील द्रव्ये मोजकी व त्यांचे वर्णपट ज्ञात आहेत. म्हणून प्रत्येक घराचा वर्णपट नव्याने न शोधता, त्यात कोणते ज्ञात घटक किती प्रमाणात मिसळले आहेत, एवढेच गणिताने ठरवले जाते. त्यामुळे गोंगाट पुष्कळच गळतो.

पण अपेक्षित तेच शोधणाऱ्या गणिताच्या हातून अनपेक्षित निसटू शकते. शिवाय लॅक्टेटचा आकडा म्हणजे धात्वग्नी नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रंगीत नकाशा छापून 'अग्निवर्धन सिद्ध' असे लिहिण्याचा मोह औषधनिर्मात्यांनी टाळावा. मेध्य द्रव्यांच्या अभ्यासात औषधापूर्वीचे व नंतरचे नकाशे, औषध न दिलेला गट, घनाचे आकारमान आणि गणितात गृहीत धरलेली द्रव्ये हे सारे नमूद असेल, तरच त्या नकाशाची चर्चा करता येईल. आणि त्या अभ्यासात आमच्या त्या वृद्ध गृहस्थांसारखे रुग्ण घ्यावयाचे, तर तपासणी त्यांना सोसवेल इतकी आटोपशीर हवी.