तुसाची जळणकांडी : यंत्रापूर्वी तुसाचा हिशेब

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आठवतात. मागावर चढण्यापूर्वी सुताला खळ लावणारे सायझिंगचे कारखाने आणि कापड रंगविणारे कारखाने यांना वाफ लागते. वाफेसाठी बॉयलर आणि बॉयलरसाठी रोजचे जळण लागते. भोवतालचे वाडा, शहापूर, मुरबाड हे तालुके भाताचे आहेत. त्यामुळे तुसापासून जळणकांडी तयार करण्याचा विचार अनेक तरुण शेतकरी करतात. मात्र कर्ज काढून यंत्र घेण्यापूर्वी पुढील हिशेब अवश्य करावा.

जळणकांडी म्हणजे काय?
युरियाची ब्रिकेट भातशेतीत आपल्या परिचयाची आहे. जळणाची ब्रिकेट ही तूस मोठ्या दाबाने दाबून केलेली कांडी होय. बाजारात तिला ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. दाबामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने तुसातील लिग्निन मऊ होऊन कण चिकटतात. वेगळा डिंक लागत नाही. मोकळा तूस घनमीटरला सुमारे १०० ते १५० किलोच भरतो. कांडी त्याच्या कित्येक पट भरत असल्याने वाहतूक परवडते.

तूस किती लागेल?
ताशी ५०० किलोचे यंत्र दिवसाला ८ तास चालविल्यास ४ टन आणि २०० दिवसांत ८०० टन तूस लागेल. भाताच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा तूस निघतो. म्हणजे ४,००० टन भात भरडले गेले पाहिजे. हेक्टरी ४० क्विंटल उत्पादन धरल्यास हे १,००० हेक्टरांचे भात झाले! शिवाय काही गिरण्या आपला तूस स्वतःच जाळतात. म्हणून एकट्याने यंत्र घेण्याऐवजी गटाने जवळच्या गिरण्यांशी वर्षभराचा लेखी करार आधी करावा.

साठवण
तुसातील ओलावा १० ते १२ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास कांडी फुटते. आपल्या भागातील पावसाळा लक्षात घेऊन उंच जोत्याची, बंदिस्त शेड बांधावी. तुसातील सिलिकामुळे यंत्राचे साचे लवकर झिजतात. हा खर्च सुरुवातीपासूनच धरावा.

दर कसा ठरवावा?
गिऱ्हाईक वजन नव्हे, उष्णता विकत घेते. सुक्या लाकडात किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता धरली आणि तुसाच्या कांडीत ३,२००, तर कांडीला लाकडाच्या चार-पंचमांश दरच रास्त ठरतो. त्यातच तुसाची राख १५ ते २० टक्के निघते. ती काढण्याचा त्रास कारखानदार दरात धरतोच. प्रयोगशाळेतून उष्मांक तपासून घ्यावा आणि नमुन्याची कांडी बॉयलरमध्ये जाळून दाखवावी.

पेंढा व राख
पेंढा कांडीसाठी विकू नये. तो जनावरांचा चारा आहे. तसेच चारसूत्री पद्धतीत पेंढा शेतात गाडण्याची व तुसाची काळी राख रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळण्याची शिफारस आहे. त्यासाठी गिरणीवरील थोडा तूस गटाने राखून ठेवावा. कोळसा किंवा चिंध्या जाळणाऱ्या बॉयलरची राख मात्र वाफ्यात वापरू नये.

तूस, शेड आणि गिऱ्हाईक या तीन गोष्टी पक्क्या झाल्यावरच बँकेकडे जावे. त्या पक्क्या नसतील, तर पहिल्या हंगामात गटाने तूस गोळा करून चालू कारखान्यांना पुरवावा. यात भांडवल कमी गुंतते आणि धंद्याची खरी ओळख होते.