पाणी खुले झाले, सुरक्षित कधी होणार?

20 मार्च 1927 रोजी बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सनातन्यांना ते सहन झाले नाही. त्यांनी मंडपात शिरून आमच्या माणसांची डोकी फोडली आणि नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि जनावराच्या मुताने ते शुद्ध होते, असे हे शास्त्र! पुढे 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने सवर्णांचे अपील फेटाळले. राज्यघटनेच्या कलम 15(2) ने विहिरी, तळी, स्नानघाट आणि सरकारी पैशातून चालणारी सार्वजनिक ठिकाणे सर्वांना खुली केली.

पण पाणी खुले होणे वेगळे आणि ते सुरक्षित असणे वेगळे. हा फरक मला एका आईने शिकविला.

ही बाई झोपडपट्टीत राहते, चार घरची धुणीभांडी करते. उन्हाळ्याच्या सुटीत तिचा 13 वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर पालिकेच्या जलतरण तलावावर गेला, तो परत आला नाही. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. कारण लिहिले, 'पोहता येत नसल्याने बुडून मृत्यू'. म्हणजे दोष मुलाचाच! ती माझ्यासमोर बसून एवढेच म्हणाली, "वकीलसाहेब, तिकीट फाडताना कुणी इचारलं होतं का, पोराला पवता येतं का म्हणून?"

त्या पोराला पोहता का येत नव्हते, हेही विचारले पाहिजे. खेड्यातली मुले गावच्या विहिरीत, पाठीला भोपळा किंवा डबा बांधून पोहायला शिकली. ज्यांच्या आज्याला त्या विहिरीची पायरी उतरू दिली नाही, त्याच्या नातवाला पोहायला कोण शिकवणार? म्हणून पालिकेचा तलाव ही आमच्या मुलांसाठी चैन नाही. पोहायला शिकण्याची ती पहिली आणि बहुधा एकमेव जागा आहे.

त्या तलावावर काय आढळले? तिकीट देणारा माणूसच जीवरक्षक होता. खोल भाग कोठे सुरू होतो याची खूण पुसली गेली होती. आणि पाणी इतके गढूळ होते की तळ दिसत नव्हता. मुलगा बुडाला हे कळायला वेळ लागला, तो त्यामुळेच. पाण्याच्या स्वच्छतेचा प्रश्न केवळ डोळे चुरचुरण्याचा नाही. तळ दिसत नसेल तर तलावात कोणालाही उतरू द्यायचे नाही, हा सुरक्षेचा प्राथमिक नियम आहे.

स्वच्छता डोळ्यांनी किंवा नाकाने ठरत नाही. तलावावर उग्र वास आला की लोकांना वाटते, औषध भरपूर टाकलेले दिसते. वस्तुस्थिती बरीचशी उलटी आहे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे पदार्थ तयार होतात, त्यांचा तो वास असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये तलावांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पाण्याचा पी.एच. 7.2 ते 7.8 दरम्यान असावा, असे ती सांगतात. पी.एच. वाढला की क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद घटते. म्हणजे रोज मोजावे लागते आणि रजिस्टरमध्ये लिहावे लागते. टी.सी.एल. पावडरची पोती रिकामी करून भागत नाही.

आणि ही पोती कोण रिकामी करतो? तलावाचा तळ कोण घासतो? तेथे बहुतेक ठिकाणी आपलीच माणसे कंत्राटावर राबताना दिसतात. ना मास्क, ना हातमोजे. क्लोरीनचे औषध आणि आम्ल एकत्र आले तर विषारी वायू सुटतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. जानेवारी 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडी येथील पालिकेच्या जलतरण तलावावर क्लोरीनची गळती झाली आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. क्लोरीन पाण्यात योग्य प्रमाणात असेल तर रक्षण करतो, हवेत सुटला तर फुप्फुसे जाळतो. म्हणून पोहणाऱ्याची सुरक्षा आणि कामगाराची सुरक्षा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

आता कायद्याकडे वळू. जलतरण तलावांच्या आरोग्य आणि सुरक्षेसाठी संसदेचा स्वतंत्र कायदा नाही. तलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. 3328 हे मानक आहे, पण मानक म्हणजे कायदा नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात जलतरण तलाव हे कलम 66 खाली, म्हणजे ऐच्छिक कर्तव्यात मोडतात. अधिकारी याचाच आधार घेतात. परंतु तलाव बांधणे ऐच्छिक असले तरी एकदा तिकीट लावून माणसे आत घेतली की त्यांचा जीव सांभाळणे ऐच्छिक राहत नाही. एका शिक्षणसंस्थेच्या तलावात पोहायला शिकणारा मुलगा बुडाला, तेव्हा संस्थेने प्रशिक्षक आपला नव्हेच असे म्हणून हात झटकले होते. राज्य आयोगाने संस्था आणि प्रशिक्षक दोघांनाही सेवेतील त्रुटीबद्दल जबाबदार धरले आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 1995 मध्ये तो निर्णय कायम केला. 'तो कंत्राटदाराचा माणूस' असे म्हणणाऱ्या प्रत्येक पालिकेने हा निकाल वाचावा. शिवाय निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली गुन्हा आहे. तेव्हा अकस्मात मृत्यूच्या नोंदीवर समाधान मानू नका.

अपघात झाला की पालिका तलावाला कुलूप लावते. हाही उपाय नव्हे. अमेरिकेतील जॅक्सन शहराने काळ्या लोकांबरोबर एका तलावात पोहण्यापेक्षा सार्वजनिक तलावच बंद केले, आणि 1971 मध्ये तेथील सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी ते चालवून घेतले. श्रीमंत गोरे खाजगी तलावांत पोहत राहिले. आपल्याकडेही कुलूप लागले की क्लबवाल्यांचे काही बिघडत नाही. आपली मुले खदानीकडे वळतात, आणि तेथे तर नावापुरताही जीवरक्षक नसतो.

मी त्या पालिकेकडे पाणी तपासणीचे रजिस्टर मागितले. 'असे रजिस्टर ठेवले जात नाही,' असे एका ओळीचे उत्तर आले. त्या आईच्या तक्रारीत तो कागद आज आमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

म्हणून चळवळीच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. आपल्या गावातील तलावाबाबत माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा. पाणी तपासणीचे अहवाल, जीवरक्षकांची प्रमाणपत्रे, कंत्राटाची प्रत आणि कामगारांना दिलेल्या साधनांची यादी मागा. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. या कायद्याच्या कलम 2 मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि पदार्थाचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. दुर्घटना घडलीच तर तिकीट फेकू नका, तेच तुमचे ग्राहक असल्याचा पुरावा आहे. जिल्हा आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करा. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही.

महाडला बापाने ओंजळभर पाणी घेऊन हक्क सिद्ध केला. आपण त्याच हक्काने बाटलीभर पाणी घेऊन प्रयोगशाळेत जाऊ या. पाणी शुद्ध आहे की नाही, ते आता तेथे ठरू द्या. जयभीम!