घर एक, हिशेब तीन
(आजोबा, वडील आणि नातू यांच्या नजरेतून उसाचा पैसा)



या पानावर मी नेहमी बेणे, लागण, खताच्या मात्रा, खोडव्याची निगा याविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. पण शेताच्या बांधाबाहेरचा मात्र नाही. घरात पैशावरून जे मतभेद होतात, त्यांची मुळे कोठे असतात आणि त्यातून वाट कशी काढावी, याबद्दल चार शब्द लिहावे असे मनात आले. कारण घडले ते असे.

लागणीच्या नोंदी घेत गेल्या पावसाळ्यात मी येलदरीला एका सभासदाच्या घरी गेलो होतो. जलाशयाच्या पाण्यावर मोटार टाकून त्यांचा चार एकर ऊस आहे. घरात आजोबा, वडील आणि नुकताच शिकून आलेला नातू. नातवाचे म्हणणे, कर्ज काढून चारही एकरांवर ठिबक बसवू. नाही जमले तर तो पुण्याकडे कंपनीत कामाला जाणार. आजोबा म्हणत होते, "कर्जाचं नाव काढू नका." आणि वडील म्हणत होते, "यंदा थांबा, पुढच्या साली बघू."

मी हौसेने कागद-पेन काढले. ठिबकाने पाणी किती वाचेल, टनेज किती वाढेल, कर्ज किती हंगामांत फिटेल, सारे मांडून दाखविले. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, पाऊस नाही पडला तर हप्ता कोण भरणार, तुम्ही?" एवढे बोलून ते उठले नि गोठ्याकडे गेले. मला वाटले, म्हातारपणाचा हट्ट आहे. घरी परत येताना विचार केला, तेव्हा चूक माझी होती हे ध्यानात आले. मी उसाचा हिशेब मांडला, पण ज्यांच्यापुढे मांडला ती माणसे कोणत्या काळातून आली, हे पाहिलेच नाही.

तीन पिढ्या, तीन काळ

आजोबांच्या वडिलांनी निजामाचा हाली सिक्का वापरलेला. सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये, असा तो हिशेब. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले, पुढे तो सिक्काही गेला. १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले. म्हणजे हातातला पैसा एका आयुष्यात दोनदा बदलला. जमीन, सोने आणि कणगीतली ज्वारी तेवढी खरी, ही शिकवण त्या घरात तेथून आली.

आजोबा स्वतः अठरा-एकोणीस वर्षांचे होते तेव्हा १९७२ चा दुष्काळ पडला. त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या. येलदरीचे धरण १९६८ साली झाले होते. पण धरण गावाला असले म्हणजे प्रत्येकाच्या वावरात पाणी आले असे होत नाही. येलदरीचे पाणी पूर्णेतून खाली सिद्धेश्वरला उतरते आणि कालवे तेथून निघतात. तेव्हा पाणी डोळ्यांपुढे असून रान कोरडे, हे ज्याने पाहिले, तो कर्जाला भिणारच.

वडील माझ्याच वयाचे. आमची पिढी सहकाराच्या आधाराने वाढली. सोसायटीचे कर्ज, कारखान्याचा शेअर, उसाचे एकरकमी बिल. त्यातून घर बांधले, बहिणींची लग्ने झाली. पण २००६-०७ च्या हंगामात राज्यात ऊस जास्त झाला आणि तोडीची वाट पाहत तो फडात वाळताना आम्ही पाहिला. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्याही पाहिल्या. म्हणून आमच्या पिढीला "जरा थांबून बघू" ही सवय लागली. माफी येईल, भाव वाढेल, काहीतरी होईल!

नातवाचे सगळेच निराळे. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा तो शाळेत होता. जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली आणि बापाचे खाते तेथेच. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तेही त्याच सालचे. आज पैसा त्याच्या मोबाईलमध्ये आहे. शेजारच्या कारखान्याचा दर त्याला आपल्या चिटबॉयच्या आधी कळतो. त्याच्या हिशेबात वाट पाहणे हाच तोटा.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासून मालमेंडिअर व नागेल या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवून दिले, की ज्यांनी आयुष्यात शेअर बाजाराचे वाईट दिवस पाहिले, ती माणसे पुढेही बाजारात पैसा घालताना हात आखडतात. पुस्तकात वाचलेल्या मंदीपेक्षा अंगावरून गेलेली मंदी जास्त शिकवते. आपल्या आजोबांचेही तेच आहे.

एकच टन, तीन मापे

आता आपल्या उसाचेच उदाहरण घेऊ. २००९-१० च्या हंगामापासून किमान वैधानिक किमतीच्या जागी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफ.आर.पी. आली. त्या साली साडेनऊ टक्के उताऱ्याला टनास १२९८ रु. ४० पैसे दर होता. २०२५-२६ साठी दर ३५५० रु. आहे. वडील म्हणतात, भाव पावणेतीन पट झाला. पण हा दर सव्वादहा टक्के उताऱ्याचा आहे. उतारा ०.१ टक्क्याने घटला की टनामागे ३४ रु. ६० पैसे कमी होतात. साडेनऊ टक्क्यांना ३२९० रु. ५० पैसे बसतात. म्हणजे सारख्या उताऱ्यावर वाढ अडीच पट. सोळा वर्षांत दरसाल सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास. यातून तोडणी-वाहतूक वजा होते ती वेगळीच.

या वाढीने घर वर आले की खाली गेले? उत्तर मापावर अवलंबून आहे.

वडिलांचे माप युरिया. तेव्हा एका टनाच्या पैशात अडीचशे किलोच्या आसपास युरिया येई, आज ४५ किलोची गोणी २६६ रु. ५० पैशांना धरली तर साडेपाचशे किलो येतो. वडील म्हणतात, बरे चालले आहे.

नातवाचे माप डी.ए.पी. तेव्हा गोणी पावणेपाचशेच्या आसपास होती, आज १३५० रु. आहे. पूर्वी टनाला अडीच ते पावणेतीन गोण्या येत, आता अडीचलाही थोड्या कमी. मजुरी तर विचारूच नका. नातू म्हणतो, आपण मागे पडत आहोत.

आजोबांचे माप सोने. २००९-१० मध्ये दहा ग्रॅमचा भाव सोळा हजारांच्या आसपास होता, म्हणजे बारा-तेरा टन ऊस. २०२५ साली भाव लाखाच्या वर गेला, म्हणजे तीस टनांहून जास्त. आजोबा म्हणतात, उसाने आम्हाला सोन्यासारखे काही दिले नाही.

तिघेही खरे बोलतात. भांडण होते ते आकड्यावरून नव्हे, मापावरून. (जाता जाता सांगतो, युरिया स्वस्त म्हणून जास्त टाकण्याची सवय याच मापातून आली आहे. त्याने जमीन आणि उतारा दोन्ही बिघडतात.)

मग करावे काय?

मी पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी कागद माझा नव्हता, वही त्यांची होती. तिघे बसले होते. घरातल्या बाईंनाही बोलावून घ्या, असे मी मुद्दाम म्हटले. नातवाची आई येऊन बसली आणि तिने एकच विचारले, "लागणीपासून बिल हातात येईपर्यंत घर कशावर चालवायचं, ते धरलंय का?" किराणा, दवाखाना, धाकटीची फी, सारे तिला तोंडपाठ होते. तिने आकडा सांगितला तेव्हा तिघेही गप्प झाले. तो आकडा माझ्याही हिशेबात नव्हता.

त्या दिवशी ठरले ते असे. चार एकरांऐवजी दीड एकरावर ठिबक करायचे. अनुदान मंजूर झाले तरी पैसा मागाहून येतो, म्हणून ते न धरताच हप्ता बसवायचा. एका सालाचा हप्ता आधीच आजीच्या नावे ठेव म्हणून ठेवायचा. आजोबा म्हणाले, "एवढं असंल तर करा." नातू पूर्ण राजी नाही. दोन हंगाम बघतो म्हणाला.

आपणही पहिली उचल मिळाली की घरात एकदा असे बसावे, ही विनंती. त्यासाठी चार गोष्टी :

१. दर नव्हे, हातात पडलेली निव्वळ रक्कम एकरी लिहावी. लागण आणि खोडवा वेगवेगळा लिहावा.

२. त्या रकमेत खत, मजुरी आणि घरखर्च किती बसतो, हे दरसाल त्याच वहीत टिपावे. पाच सालांनी घर कोठे चालले ते आपोआप दिसेल.

३. कर्जाचा हप्ता चांगल्या सालावर नव्हे, आपल्या वहीतल्या सर्वांत वाईट सालावर बेतावा.

४. वही घरातल्या बाईंच्या हाती ठेवावी आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून वाचावी.

बिलाबाबत एक ध्यानात असू द्यावे. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. हे आजोबांनाही माहीत असावे आणि नातवालाही.

वही घेऊन गट कार्यालयात या. आकडेमोडीला मी व आमचे कृषी सहाय्यक हजर आहोत. मात्र निर्णय घराचा घरातच व्हावा.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी