फटफटी व मनाचे ओझे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी मिस्सा आटोपून मी चर्चच्या बाजूच्या दाराने बाहेर पडत होतो, तोच गावातील एक विधवा माता पदर सावरीत पुढे आली. तिची तक्रार मुलाविषयी होती. वडिलांच्या पश्चात शेतीचा, सोसायटीच्या कर्जाचा व दोन बहिणींच्या शिक्षणाचा भार त्या तेवीस वर्षांच्या मुलाच्या शिरावर पडलेला. "फादर, दिवसभर राबतोय, त्याबद्दल माझं काय म्हणणं नाही. पण सांज झाली की गाडी काढतो आणि जातो बघा. कुठं जातोस विचारलं तर म्हणतो, कुठं नाही. तुम्ही तरी त्याला जरा सांगा की."

मी कबूल केले, आणि दोन दिवसांनी त्याला बोलावून सांगितलेही. पेट्रोलचा भाव, आईची काळजी, खानापूरच्या रस्त्यांवरील खड्डे, रात्रीच्या वेळी आडवे येणारे गवे, सर्व काही सांगितले. मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला. उठताना एवढेच म्हणाला, "फादर, जांबोटीपर्यंत जाऊन आलो की मला झोप लागते."

वाचकहो, त्या एका वाक्याने माझा सारा उपदेश फिका पडला. कारण त्यात काही खोटे नाही, हे मला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होते. वीस वर्षे मी मोटारसायकलवरूनच दूरदूरच्या कपेलांना जात आलो आहे. एखाद्या घरी मरणोन्मुख माणसाला अंत्यसंस्कार देऊन परतताना, विशेषतः तो माणूस तरुण असला तर, मी जवळची वाट सोडून लांबची वाट धरतो. त्याला मी आजवर कधी नाव दिले नव्हते. "रस्ता तिकडचा बरा आहे" असे स्वतःला सांगत असे. वस्तुतः तिकडचा रस्ता अधिक वाईट आहे.

मग हे घडते कसे? चिंतेचा स्वभाव असा की ती रिकाम्या जागेत शिरते. माणूस अंथरुणावर पडला, किंवा बसच्या खिडकीशी बसला, की हात मोकळे, डोळे मोकळे, आणि मन त्याच त्या गोष्टीभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरू लागते. सावकार काय म्हणेल, ऊस कधी तुटेल, मुलीचे कसे होईल, हे दहा वेळा घोळूनही अकराव्या वेळी उत्तर तेच. फटफटीवर मात्र हा घाणा चालू शकत नाही. डावा हात क्लचवर, उजवा हात मुठीवर व पुढच्या ब्रेकवर, डावा पाय गिअरवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, असे चारही अवयव कामात गुंतलेले असतात. डोळ्यांना वाळू, शेण, खडी, वळण व समोरून येणारा ट्रक एकाच वेळी वाचावे लागतात. शरीराचा तोल क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. मोटारीत बसलेल्याला तो कधीच सांभाळावा लागत नाही. एवढे अवधान दिल्यावर कर्जाचा हप्ता आठवायला मनात जागा उरत नाही. कर्ज फिटत नाही, हे खरे. परंतु अर्धा तास ते मनावरून उतरते, आणि घरी परतलेला माणूस त्याच कर्जाकडे थोड्या शांत चित्ताने पाहू शकतो.

शास्त्रज्ञांनीही या गोष्टीचा शोध घेतला आहे. जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात मेंदूचे अभ्यासक र्‍युता कावाशिमा यांनी यामाहा कंपनीच्या सहकार्याने एक प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. चाळिशी-पन्नाशीतील ज्या पुरुषांनी पूर्वी मोटारसायकल चालविली होती, परंतु दहा वर्षांहून अधिक काळ सोडून दिली होती, त्यांपैकी काहींना दोन महिने रोजच्या जाण्यायेण्यासाठी पुन्हा मोटारसायकल दिली गेली. न चालविणाऱ्यांच्या मानाने यांची स्मरण व आकलन यांच्या चाचण्यांतील प्रगती अधिक दिसली, आणि मनावरील ताण कमी झाल्याचेही त्यांनी सांगितले. पुढे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी पन्नासहून अधिक अनुभवी चालकांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी, हृदयाचे ठोके व शरीरातील स्राव मोजले. त्यांचा निबंध २०२१ मध्ये 'ब्रेन रिसर्च' या नियतकालिकात आला. वीस मिनिटांच्या फेरीत हृदयाची गती सुमारे ११ टक्क्यांनी व अॅड्रिनलीन हा स्राव सुमारे २७ टक्क्यांनी वाढला, म्हणजे शरीराला हलका व्यायाम घडावा तसे झाले. आणि ताणाची खूण मानल्या जाणाऱ्या स्रावांचे माप सुमारे २८ टक्क्यांनी उतरले. मेंदूचे अवधानही मोटार चालविताना असते त्याहून अधिक तल्लख आढळले.

आता एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पहिल्या प्रयोगात मोटारसायकली करणाऱ्या कंपनीचे सहकार्य होते, तर दुसऱ्याचा खर्च हार्ले-डेव्हिडसन या मोटारसायकली करणाऱ्याच कंपनीने उचलला होता. गूळ विकणाऱ्याने गुळाचे गुण सांगावेत, त्यातला प्रकार. म्हणून ते आकडे खोटे ठरत नाहीत. पण ऐकताना कान थोडा सावध ठेवावा. शिवाय चालविणारे सारे आधीच सराईत होते. नवशिक्याला पहिल्या महिन्यात मनःशांती लाभेल, असे कोणी समजू नये. त्याला घामच फुटतो.

या विषयाचा सर्वांत खोल धडा मला प्रयोगशाळेत नव्हे, तर एका माणसाच्या चरित्रात सापडला. टी. ई. लॉरेन्स हे नाव सुशिक्षित वाचकांनी ऐकले असेल. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध झालेल्या अरबांच्या उठावात भाग घेतलेला हा इंग्रज अधिकारी 'अरबस्थानचा लॉरेन्स' म्हणून जगप्रसिद्ध झाला. परंतु ती कीर्ती त्याला सुखाची झाली नाही. त्याचे दोन भाऊ १९१५ साली युद्धात मारले गेले होते. अरबांना दिलेला शब्द आपल्या सरकारने पाळला नाही व त्या फसवणुकीत आपण साधन झालो, हा सल त्याला खात राहिला. १९२२ साली तो नाव बदलून हवाई दलात साधा सैनिक म्हणून भरती झाला. तेथे ओळख पटून बाहेर पडावे लागल्यावर १९२३ मध्ये पुन्हा दुसऱ्या नावाने रणगाडा दलात, इंग्लंडच्या दक्षिणेकडील बोव्हिंग्टन येथील छावणीत दाखल झाला. (पुढे हवाई दलात परतल्यावर १९२७ साली तो कराचीला आला, व त्या वेळी कराची आपल्या मुंबई इलाख्यातच मोडत असे.)

बोव्हिंग्टनच्या छावणीतून १९२३ च्या वसंतात त्याने एका मित्राला पत्र लिहिले. आपले मन आवरेनासे झाले की आपण मोटारसायकल बाहेर काढतो आणि खराब रस्त्यांवरून तासन्‌तास पूर्ण वेगाने पिटाळतो, अशी कबुली त्या पत्रात आहे. जांबोटीच्या वाटेवरील आमचा मुलगा आणि हा जगप्रसिद्ध पुरुष, शंभर वर्षांच्या अंतराने, एकच औषध घेत होते!

नॉटिंगहॅमचा जॉर्ज ब्रफ हा कारागीर 'ब्रफ सुपीरिअर' नावाच्या अत्यंत उंची मोटारसायकली बनवीत असे. लॉरेन्सने त्याच्याकडून एकामागून एक अशा सात घेतल्या. आठवी तयार होत होती. त्याने आपल्या गाडीला नाव दिले होते बोआनेर्गेस. मार्कच्या शुभवर्तमानात प्रभूने याकोब व योहान या जब्दीच्या पुत्रांना दिलेले हे टोपणनाव, म्हणजे 'गर्जनेचे पुत्र'. इंजिनाचा आवाज ऐकलेल्या कोणालाही ते नाव शोभून दिसेल. हवाई दलातील दिवसांविषयी लिहिलेल्या त्याच्या 'द मिंट' या पुस्तकात एक प्रकरण या गाडीवरच्या फेरीचे आहे. त्यात तो आकाशातील एका विमानाशी शर्यत लावतो, आणि परतताना छावणीतील सोबत्यांसाठी खाण्याचे सामान घेऊन येतो. एरव्ही जो माणूस इतरांत मिसळण्यास कचरत असे, तो या दुचाकीमुळे बराकीतल्या मंडळींचा आवडता होई, हे मला विमानाच्या शर्यतीपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

परंतु त्याच १९२३ च्या पत्रात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती वाचताना मी थबकलो. आपल्या मज्जातंतू इतक्या बधिर झाल्या आहेत की काही तास स्वेच्छेने धोक्यात राहिल्यावाचून त्यांत जीव येत नाही, अशा अर्थाचे तो लिहितो. येथे औषधाची मात्रा बदलली. अवधानाने मन शांत होणे वेगळे, आणि भीतीच्या चाबकाने मन जागे करणे वेगळे. पहिल्यात माणूस रस्त्याकडे पाहतो. दुसऱ्यात तो आपल्या जिवाची किंमत कमी करून पाहतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तीच गाडी व तीच वाट; चालविणाऱ्याच्या घरच्यांना तो फरक ओळखता येणे कठीण.

१९३५ च्या फेब्रुवारी महिन्यात लॉरेन्स सेवेतून निवृत्त झाला. १३ मे रोजी तो बोव्हिंग्टनला तार करण्यासाठी गेला होता. परतीच्या चढउताराच्या रस्त्यावर सायकलींवरून जाणारी दोन मुले अचानक दिसली. त्यांना चुकविताना तो फेकला गेला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्या काळी रस्त्यावर कोणी घालीतही नसे. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी तो वारला. वय अवघे सेहेचाळीस, माझ्या आजच्या वयाच्या आसपासचे.

त्याच्यावर उपचार करण्यासाठी बोलाविलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले मेंदूचे शल्यविशारद होते. रोगी वाचला नाही, पण डोक्याला मार लागून मरणाऱ्या मोटारसायकलस्वारांचा विषय केर्न्स यांनी पुढे लावून धरला. दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या सक्तीच्या अंधारामुळे असे अपघात वाढले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसलेले लोक मरण पावले. १९४१ मध्ये केर्न्स यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला. हेल्मेट घातलेल्या अवघ्या सात जखमींची हकिकत त्यांच्यापाशी होती, व ते सातही जण बचावले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. ब्रिटनमधील सामान्य लोकांसाठी तो कायदा १९७३ साली आला. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने चालविणाऱ्यास व मागे बसणाऱ्यास, दोघांसही, हेल्मेट बंधनकारक आहे. तरीही ते पेट्रोलच्या टाकीवर किंवा कोपरात अडकवून फिरणारे वीर आपल्या गावांत कमी नाहीत. पोलीस दिसला की ते डोक्यावर चढते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. मी ज्या घरांत दफनविधीसाठी गेलो, त्यांपैकी काहींची मुले या आकड्यांत आहेत.

म्हणून फटफटी हे सर्व दुखण्यांवरचे औषध, असे मी म्हणणार नाही. जो माणूस आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलतो, त्याच्या हाती गाडीची किल्ली देऊन मोकळे होणे हा निष्काळजीपणा होय. त्याला डॉक्टरकडेच नेले पाहिजे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर पैसे न देता बोलता येते. दारू पिऊन गाडीवर बसणाऱ्याविषयी तर काय लिहावे! त्याच्या मनावरचे ओझे तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात नेऊन टाकतो.

असो. हे सर्व वाचून व विचार करून झाल्यावर मी त्या मुलाला पुन्हा भेटलो. या वेळी उपदेश केला नाही. तू किती वेगाने जातोस, एवढेच विचारले. तो थोडा लाजला. "पहिल्यांदा जोरात जायचो. आता हळूच. जोरात गेलं तर झाडं दिसत नाहीत." माझा जीव भांड्यात पडला. हेल्मेट मात्र नव्हते. वडिलांचे एक जुने होते, पण त्याचा पट्टा तुटलेला. पट्टा तुटलेले हेल्मेट म्हणजे डोक्यावर ठेवलेले पातेले, हे मी त्याला ऐकविले. पुढच्या आठवड्यात बेळगावहून आम्ही दोन हेल्मेटे आणली, दुसरे आईसाठी. तिला ते आवडलेले नाही. आत कानांना काही ऐकू येत नाही, अशी तिची कुरकुर आहे. तरी शुक्रवारच्या बाजाराला जाताना घालते.

आता बुधवारी संध्याकाळी प्रार्थना आटोपली की मीही माझी गाडी काढतो व त्याच्या मागून जातो. जांबोटीला चहाच्या टपरीपाशी आम्ही थांबतो. कर्जाचे बोलणे कधी निघते, कधी निघत नाही. चहा संपला की तो आधी निघतो, कारण माझी गाडी जुनी आहे आणि थंडीत चारपाच किका मारल्याशिवाय सुरू होत नाही.