शस्त्रांचे कपाट : सिंहाच्या पंजातला मुकुट

या आठवड्यात एगर्टनच्या भारतीय शस्त्रांच्या यादीबद्दल लिहायचे कबूल केले होते. पुस्तक कपाटातून काढून मेजावर ठेवलेही होते. पण खंडेनवमीला घरोघरची शस्त्रे पुजेसाठी माळ्यावरून खाली येतात, आणि तिसऱ्याच दिवशी मनसरकडच्या एका वाचकांचे पत्र आले. सोबत दोन फोटो. एगर्टनला थांबावे लागेल.

पत्रातला प्रश्न असा : ‘आमच्या घरी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. ती आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतली, असे आजोबा सांगत. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर एक जनावर कोरलेले आहे. भोसल्यांचे असे काही चिन्ह होते का?’

फोटो खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरला. गंजाच्या पापुद्र्यातून आधी शेपूट दिसले, मग मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह, आणि त्याच्या पुढच्या पंजांत मुकुट. मी उठलो आणि थेट वरच्या खणातल्या हार्डिंगकडे गेलो.

डेव्हिड हार्डिंग यांचा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवरचा ग्रंथ चार खंडांचा आहे. १९९७ ते १९९९ या काळात लंडनला निघाला. पहिला खंड खरेदी आणि घडणीवर, दुसरा नमुन्यांच्या यादीचा, तिसरा दारूगोळ्यावर आणि चौथा बंदूक वापरणाऱ्या माणसांवर. माझ्याकडे दुसरा आणि चौथा आहे. बाकीच्या दोघांसाठी पैसे साठवणे चालू आहे. कुणाला एकच खंड परवडणार असेल तर दुसरा घ्यावा. हातात आलेली वस्तू कोणती, हे आधी कळले पाहिजे.

कंपनीच्या बंदुकांवर आधी सिंह नव्हता. चार भागांत विभागलेले हृदय असे, प्रत्येक भागात एक रोमन अक्षर : व्ही, ई, आय, सी. वर चारच्या आकड्यासारखी खूण. त्यातला व्ही म्हणजे व्हिक्टोरिया, असे पुष्कळ जण समजतात. तो व्ही म्हणजे जुन्या वळणाचा यू, ‘युनायटेड’चा, दोन कंपन्या एक झाल्या त्याची ती आठवण. हे हृदय जाऊन १८०८ मध्ये सिंह आला, आणि व्हिक्टोरिया गादीवर बसली ती १८३७ मध्ये. म्हणजे चिन्ह कंपनीचे, भोसल्यांचे नव्हे. बंदूक १८०८ च्या अलीकडची.

आता दुसरी बाजू. फोटोत घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरायची जागा स्पष्ट दिसते. १८४० च्या सुमारास कंपनीने चकमक सोडून तांब्याच्या टोपीवर उडणारी बंदूक घ्यायला सुरुवात केली. तेव्हा ही साधारण त्याच्या आधीची.

वाचकांनी शिंप्याच्या फितीने नळी मोजून पाठवली होती : ३९ इंच. इथे हार्डिंग मिटून मी ब्लॅकमोर उघडला. हॉवर्ड ब्लॅकमोर यांचे १६५० ते १८५० मधल्या ब्रिटिश लष्करी बंदुकांवरचे पुस्तक १९६१ चे आहे, आणि आजही त्याच्यावाचून अडते. इंग्लंडच्या राजाच्या पायदळाची नळी तेव्हा ४२ इंचांची होती. कंपनीची मात्र ३९ इंचांची. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले, बंदुका कमी पडल्या, आणि राजाने कंपनीसाठी बनलेला माल उचलला. पुढे तोच नमुना राजाच्या पायदळाचा झाला. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘इंडिया पॅटर्न’ म्हणतात. वॉटर्लूला गेलेली बंदूक आणि मनसरच्या माळ्यावरची बंदूक एकाच घराण्यातल्या आहेत, हे कळल्यावर मला त्या रात्री लवकर झोप आली नाही.

मग आजोबांचे सांगणे खोटे का? तसे म्हणायचा अधिकार मला कुठलेच पुस्तक देत नाही. नागपूरच्या आप्पासाहेबांची फौज आणि कंपनी यांच्यातली सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मधली, म्हणजे आपल्या दोन टोकांच्या आत बसते. पण कंपनीची कामठीची छावणीही १८२१ मध्ये वसली, आणि कामठी ते मनसर हे अंतर ते कितीसे! बंदूक लढाईत हाती लागलेली असेल किंवा छावणीतून बाहेर पडलेली असेल. पुस्तक वस्तूचे वय सांगते, मालक सांगत नाही. मालकासाठी घरातले जुने कागद पाहावे लागतील. ते मोडीत असतील तर वाचून घ्यावे लागतील.

एक शंका मात्र राहते. वायव्य सरहद्दीकडच्या कारागिरांनी कंपनीच्या चिन्हांच्या पुष्कळ नकला केल्या आहेत. नकलेत अक्षरे उलटी पडतात, रेषा उथळ आणि चाचपडत गेलेली असते. या फोटोतली रेष खोल आणि एका हाताची वाटते, पण फोटोवरून पैज लावू नये.

आता शब्दांकडे वळतो, कारण हा माझा आवडता खण आहे. इंग्रजी ग्रंथांशेजारी मी मोल्सवर्थचा मराठी कोश ठेवतो, १८५७ च्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण. शस्त्रांच्या कपाटात शब्दकोश कशाला, असे पाहुणे विचारतात. ‘तोडा’ काढून बघा. पायातला दागिना तोडा, पैशांची थैली तोडा, आणि बंदुकीला बत्ती देणारी धुमसती दोरीही तोडाच. नळीच्या बुडाशी बत्ती द्यायचे भोक म्हणजे कान; त्या कानाजवळच्या दारूला ‘रंजक’ म्हणत. रंजक भपकन पेटायची आणि आतली दारू तशीच राहायची, तो बार फुसका. आपण निवडणुकीच्या बातमीत ‘फुसका बार’ लिहितो तेव्हा हा शब्द पेलणारा बरकंदाज आठवत नाही. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या राजव्यवहारकोशात शस्त्रांसाठी वेगळा वर्ग आहे. ज्या राज्याला शस्त्रांच्या नावांचीही निगा राखावीशी वाटली, त्या राज्याच्या भाषेत शस्त्रांवरचा सचित्र संदर्भग्रंथ आज शोधावा लागतो, याचे मला खरेच वाईट वाटते.

मनसरच्या वाचकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. बंदूक भरलेली नाही, असे गृहीत धरू नका. शंभर-दीडशे वर्षांनीही नळीत दारू सापडते. नळीच्या तोंडासमोर न येता लाकडी काठी हळूच आत सोडा, तोंडाशी खूण करा, आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. कानाच्या बरीच अलीकडे थांबली तर आत काही आहे. मग हात लावू नका. भरलेली असो वा रिकामी, पोलीस ठाण्यात कळवाच. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे, आणि ते ठरवणे आपले काम नव्हे.

संग्रह कसा वाढवावा, हे अनेकांनी विचारले आहे. मी प्रश्न आधी आणि पुस्तक नंतर घेतो. हे पत्र आता हार्डिंगच्या दुसऱ्या खंडात सिंहाच्या पानाशी ठेवले आहे. तशी तेवीस पत्रे आणि चिठ्ठ्या माझ्या पुस्तकांत आहेत.

पाऊस संपला. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी दारूखान्याविषयी लिहिले आहे : आठा-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढावी, ऊन द्यावे, पुन्हा भरून ठेवावी. पावसाळ्याचा ओलावा दारूसारखाच पुस्तकांनाही लागतो. रविवारी गच्चीवर चादर टाकून सगळा खण काढणार आहे. थेट उन्हात नव्हे, बांधणीचा डिंक तडकतो, तर सावलीतल्या वाऱ्यावर. एगर्टनही तिथेच असेल. पुढच्या आठवड्यात त्याचीच पाने उघडू. तोवर मनसरच्या वाचकांनी, काठी बिनअडथळा कानापर्यंत गेली असेल तरच, बाजूला उभे राहून नळीच्या तोंडाची रुंदी मोजून कळवावी. पाऊण इंच भरली, तर आपला अंदाज आणखी एक पायरी पक्का होईल.