श्रद्धा कृतीतून दिसते म्हणजे नेमकं काय? वऱ्हाडातलं उदाहरण

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा आग्रह आहे की, कृतीशिवाय श्रद्धा निर्जीव असते. वऱ्हाडात ही कृती दवाखान्यांत दिसते.

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा इथं 'द लेप्रसी मिशन'चं कुष्ठरुग्णालय आहे. कुष्ठरोगात नसांना इजा होऊन हातपाय बधिर होतात. चटका, काटा कळत नाही आणि जखम चिघळते. घरचेही जवळ येत नाहीत, तेव्हा ती जखम धुणं हीच श्रद्धा.

वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल नाझरेन मिशननं उभारलं. वाशिम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं.

लक्षात ठेवा: कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात उपचार मोफत मिळतात. त्वचेवर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, लगेच तपासून घ्या.